समुद्र नसलेल्या मुलखातली जहाजं : हर्णै बंदर, अजिंठ्याचं तारू आणि आजोबांची नाव

गंगाथडी (पैठण)

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, पण बरेच दिवस मनात साठलंय.

आम्ही भोई. पैठणात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. आजोबा गंगेत जाळं टाकायचे. १९७६ साली जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं, नाथसागर भरला, आणि वडिलांचं सगळं आयुष्य त्या पाण्यावर गेलं. मी शाळेत इतिहास शिकवतो. मासळीचा वास जन्मापासूनचा, पण समुद्र पाहिला तो वयाच्या ४१व्या वर्षी, गेल्या महिन्यात, दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावर.

संध्याकाळच्या लिलावाला पोचलो. मोठ्या होड्या खोल पाण्यात नांगरलेल्या. तिथून मासळी लहान होड्यांत उतरते आणि किनाऱ्याकडे येते. पुढे बैलगाड्या. बैल पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभे, लाट आली की नुसते कान हलवतात. आपल्याकडचे बैल गंगेच्या उताराला बिचकतात, आणि हे बघा! वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, भोवती बायकांचा घोळका. बोली इतक्या भराभर चढते की मी तीन ढीग विकले जाईपर्यंत भाव कुणी लावला हेच शोधत होतो.

पण मी अडकलो ते दुसऱ्याच ठिकाणी. वाळूवर जरा वरच्या अंगाला एक जुनी लाकडी होडी कुशीवर टेकलेली होती, एका बाजूच्या फळ्या निघालेल्या. शेजारी एक म्हातारे तांडेल (होडीचे प्रमुख) जाळं सांधत बसले होते. मी भोयाचा पोरगा आहे म्हटल्यावर त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. होडीच्या उघड्या कुशीत हात घालून एकेक भाग दाखवायला लागले. पुढचं टोक म्हणजे नाळ. सबंध होडीचा कणा म्हणजे पठाण. त्यावर बसवलेल्या बरगड्या म्हणजे वांक. डोलकाठीवर शीड ज्या तिरक्या काठीला बांधतात ते परबाण. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकून राळ-तेल भरतात ती कलाफत. "ही करणारे मिस्त्री आता म्हातारे झाले, आणि नवीन होडी फायबरचीच येते," म्हणाले. शिडाची होडी हाकलेला त्यांच्या ओळखीतला शेवटचा माणूस म्हणजे त्यांचे वडील.

समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कान्होजी आंग्र्यांच्या नावाशी जोडलेलं हे ठाणं १७५५ साली गेलं, तेही इंग्रजांचा कमोडोर जेम्स आणि पेशवे एकत्र आल्यामुळे. वर्गात हे मी दरवर्षी शिकवतो, पण त्या वाळूवर उभं राहून आठवलं तेव्हा घसा दाटून आला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्ग. तिथे आंग्र्यांचं आरमार बंदरात एकमेकांना लागून उभं होतं. इंग्रजांचा गोळा 'रेस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला (आंग्र्यांनी कंपनीकडूनच ते हिसकावलेलं होतं), आणि त्याची आग जहाजामागून जहाजाला लागत गेली. गुराबा, गलबतं, सगळं राख. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांची, १५० ते ३०० टनांची लढाऊ नौका, तोंडाशी पुढे रोखलेल्या तोफा. गलबत लहान, ७० टनांच्या आतलं, ४०-५० वल्ह्यांचं, वारा पडला तरी पळणारं. तळ उथळ, म्हणून खाडीत शिरता यायचं आणि मोठी विलायती जहाजं बाहेर अडकायची. त्यांतली एकही नौका आज कुठे उभी नाही. किल्ल्यांचे दगड राहिले, ज्या लाकडासाठी ते किल्ले बांधले ते गेलं.

परतीच्या गाडीत रात्रभर एकच विचार. लाकडाचं जहाज शे-दोनशे वर्षांत मातीत जातं. मग जुनं जहाज राहतं कशात? आणि एकदम आठवलं, आपल्या सर्वांत जुन्या जहाज-चित्रांपैकी एक तर आपल्याच जिल्ह्यात आहे, अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात. सातवाहनांच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे, आणि सातवाहन तर आमच्या पैठणचे. समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या मुलखानं जहाज जपलं.

आणि माझ्या घरात? आजोबांची लाकडी नाव मी पाच-सहा वर्षांचा असताना आत्याच्या लग्नात चुलाणाला गेली. जुनी झाली होती, कुणाला वाईट वाटलं नाही. तिच्या भागांना आजोबा काय म्हणायचे ते मला माहीत नाही. हर्णैच्या होडीचे शब्द माझ्या वहीत आहेत, माझ्या आज्याच्या नावेचे नाहीत.

म्हणून हा धागा. गोदावरी, पूर्णा, मांजरा, तेरणा, सिंदफणा, जिथे कुठे तुमच्याकडे नाव चालायची तिथले शब्द, आठवणी लिहा. बंदरांबद्दल, जुन्या नौकांबद्दल जे माहीत असेल तेही लिहा.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

बैलांचं वाचून लगेच लिहायला बसलो. तुम्ही समुद्रात उतरलेले बैल पाहिले. आमच्या तेरचे बैल समुद्रापर्यंत चालत जायचे!

पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची वाटाडी लिहिली, 'पेरिप्लस' म्हणतात ती. त्यात भडोचच्या दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला सुमारे १० दिवसांवर तगर, म्हणजे आमचं तेर. पैठणहून मौल्यवान खडे, तगरहून साधं कापड, मलमल, असा माल गाड्यांवर लादून बिनरस्त्याच्या मुलखातून बंदरावर जायचा, असं तो लिहितो. म्हणजे भडोचला जे जहाज भरायचं त्याची पहिली खेप बैलांनी ओढलेली.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीत व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली तशाच धाटणीची हस्तिदंती मूर्ती निघाली. ज्वालामुखी फुटला इ.स. ७९ मध्ये, म्हणजे त्याआधीच ती तिकडे पोचली होती. मी लहानपणापासून त्या काचेसमोर किती वेळा उभा राहिलो असेन! जहाजाचा विचार मात्र आज पहिल्यांदा आला.

---

नाणेघाट (छत्रपती संभाजीनगर)

धागा आवडला. एक दुरुस्ती मात्र करायलाच हवी. जहाजाची सातवाहन नाणी बहुतेक पूर्व किनाऱ्यावर मिळालीत, आंध्र आणि खाली तमिळनाडूकडे. त्यातली ठळक नाणी यज्ञश्री सातकर्णीची, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातली. तेव्हा सातवाहनांचा पूर्वेकडचा व्यापार जोरात होता. ते जहाज पूर्वेच्या समुद्रातलं आहे. राजघराणं पैठणचं म्हणून नाण्यावरचं जहाजही पैठणचं, असं धरू नका. आपल्या भागाचा मोठेपणा पुष्कळ आहे, तो खऱ्या पुराव्यावरच उभा राहू द्या.

पश्चिमेचं म्हणाल तर पैठण-जुन्नर-नाणेघाट-कल्याण-सोपारा ही वाट. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे. देशावरचा माल तिथून उतरून बंदराला लागायचा.

---

गंगाथडी (पैठण)

दुरुस्ती मान्य आणि आभार. वर्गातही मी हे चुकीचंच सांगत आलो होतो. सोमवारी फळ्यावर नीट लिहीन.

---

वाघूरकाठ (फर्दापूर)

माझं घर लेण्यांच्या पायथ्याशी, म्हणून चित्राबद्दल मीच लिहितो.

२ नंबरचं लेणं, उजवी भिंत. उजेड कमी, डोळे सरावायला दोन-चार मिनिटं द्यावी लागतात. जहाज फार मोठं काढलेलं नाही, घाईत निघालेला माणूस पुढे निघून जातो. दोन्ही टोकं उंच उचललेली. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच, अरुंद शिडं. नाळेवर डोळा काढलाय, जहाजाला वाट दिसावी म्हणून. मागे वळवायची वल्ही. आणि मला सगळ्यात आवडतात ते रांजण, ओळीनं मांडलेले. समुद्रात प्यायचं पाणी असेल, नाहीतर माल असेल. ज्यानं काढलं त्यानं एकतर जहाज जवळून पाहिलं होतं, नाहीतर पाहिलेल्या माणसाला शेजारी बसवून विचारलं होतं. नुसत्या ऐकीव गोष्टीवर रांजण मोजून काढता येत नाहीत.

गोष्ट पूर्णाची. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी, पुढे भिक्खू झाला. त्याचा भाऊ चंदन आणायला जहाज घेऊन गेला. चंदनवनाचा यक्ष चिडला, वादळ उठवलं. जहाजावरच्यांनी पूर्णाचा धावा केला, तो आला आणि जहाज वाचलं. त्याच चंदनाचा पुढे बुद्धासाठी सोपाऱ्याला प्रासाद उभारला.

१७ नंबरच्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे, तीही समुद्रापारच्या प्रवासाची, जहाज फुटण्याची. आणि औरंगाबाद लेण्यांत ७ नंबरला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर भक्तांना आठ संकटांतून तारतो, त्यातही बुडणारं जहाज कोरलंय. या डोंगरांत दान देणारे बरेच जण व्यापारी होते. त्यांच्या घरात समुद्राची भीती रोजची असणार.

---

किकरं_पटाशी (जालना)

मी सुतारकाम करतो, वडिलोपार्जित. वाघूरकाठ यांनी सांगितलेल्या त्याच जहाजावरून नौदलानं खरं जहाज बांधलंय, ते इथं अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

नाव 'कौंडिण्य'. जुलै २०२३ मध्ये संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांचा करार झाला, सप्टेंबरमध्ये कणा बसवला, २१ मे २०२५ ला कारवारला ते नौदलात दाखल झालं. काम केलं केरळच्या कारागिरांनी, त्यांचे प्रमुख बाबू शंकरन. आणि खिळा न मारता! फळ्यांना कडेनं भोकं पाडायची, मध्ये नारळाच्या काथ्याची वळी ठेवायची आणि काथ्याच्याच दोरीनं फळीला फळी शिवत जायचं. मग राळ, तेल. चित्रात शिवण दिसत नाही, पण आपल्या समुद्रात जहाजं अशीच शिवायचे, तीच रीत त्यांनी धरली.

सुतार म्हणून मला यात काय दिसतं ते सांगतो. खिळा मारलेला सांधा ताठ. लाट आदळली की ताण खिळ्याच्या भोकावर येतो, तिथून फळी चिरते, खाऱ्या पाण्यानं खिळाही गंजतो. शिवलेला सांधा थोडा हलतो, लाटेबरोबर वाकतो आणि परत येतो. बैलगाडीच्या साट्याला (चौकटीला) आपण दोरी आवळून बांधतो, ती का बांधतो हे ज्याला कळतं त्याला हे कळेल.

आणि विचार करा, भिंतीवरचं चित्र एका बाजूनं काढलेलं. रुंदी नाही, तळ कसा ते नाही, आतले वांक नाहीत. माप कुठून आणायचं? ते सगळं नव्यानं ठरवावं लागलं, आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या. इंजिन नाही, चौकोनी शिडं आणि मागे वल्ही. डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून ते मस्कतला निघालं तेव्हा मी कारखान्यात काम थांबवून पोरांना मोबाइलवर दाखवलं. एक पोरगं म्हणालं, "मामा, हे आपल्या अजिंठ्याचं हाय?" मी म्हटलं, व्हय.

---

सिंदफणा (माजलगाव)

सगळं वाचलं, चांगलं वाटलं. पण एक बोलतो, राग मानू नका.

आमच्या धरणावर माझा चुलतभाऊ थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळं टाकायलाय. थर्माकोलचे तुकडे, वरून ताडपत्री नाहीतर जाळी गुंडाळलेली, हातात फळकुट. वारं सुटलं की जीव मुठीत. गेल्या पावसाळ्यात उलटला होता, जाळ्यात पाय गुतला, दैव म्हणून वाचला. चांगल्या नावेच्या अनुदानासाठी कागद घेऊन किती चकरा मारल्या त्याची मोजदाद नाही.

त्याला फायबरची नाव मिळाली तर मी पेढे वाटीन. हर्णैवाल्यांनी फायबर घेतलं त्यात त्यांचं काय चुकलं? लाकूड महाग, दरसाल डागडुजी, मिस्त्री मिळत नाही. जुन्या नावांचं कौतुक करताना आज पाण्यावर बसलेल्या माणसाचा विचार सुटू नये, एवढंच म्हणणं.

---

गंगाथडी (पैठण)

सिंदफणा भाऊ, राग कशाचा. माझे वडीलही शेवटची दहा वर्षं थर्माकोलवरच होते. आई संध्याकाळी दारात उभी असायची, ते मला आठवतं. फायबरला माझा विरोध नाही, तुमच्या भावाला ती नाव मिळायलाच हवी.

माझं दुःख वेगळं आहे. आजोबांकडे लाकडी नाव होती, ती बुडत नव्हती, बांधणारा सुतार गावातच होता. तिथून आपण थर्माकोलवर आलो. मधल्या चाळीस वर्षांत भोयांच्या हातातून नाव का गेली, हे कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. वारसा म्हणतोय तो हाच.

---

परभणीची_लेक (सध्या दापोली)

इथे नोकरीला येऊन सात वर्षं झाली. हर्णैला आठवड्यातून एकदा तरी जाते, म्हणून थोडी भर.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा हंगाम आणि समुद्रही खवळलेला. त्याआधी होड्या वर ओढून झाकतात. खरं बंदर बघायचं तर तेव्हा या. लिलावाचा गजबजाट नसतो, माणसं निवांत असतात, जाळी सांधत बसतात आणि बोलतात. मग नारळी पौर्णिमा. पहिल्या वर्षी मी ती पाहिली तेव्हा आमच्याकडचा पोळा आठवला. बैलाला सजवतात तशी होडी सजवतात, नाळेला हळदकुंकू, हार.

फत्तेगडावर आता कोळ्यांची वस्तीच आहे, किल्ला म्हणून शोधायला गेलात तर घरांच्या मधूनच चालत राहाल. मला ते आवडतं. ज्यांच्या आजे-पणज्यांनी आरमारात वल्ही मारली असतील त्यांचीच चूल तिथं पेटते.

गंगाथडी सरांनी मिस्त्र्यांबद्दल लिहिलंय त्यावरून एक. आज्ञापत्रात (मराठेशाहीतला राज्यकारभारावरचा ग्रंथ) आरमाराच्या लाकडाचं कलम आहे. साग वगैरे झाडं परवानगीनं तोडावी, पण आंबा-फणसाला हात लावू देऊ नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. जहाज बांधायची इतकी निकड असताना राज्यकर्त्याला परसातला फणस आठवतो! दरवेळी वाचताना डोळ्यांत पाणी येतं.

---

विष्णुपुरी (नांदेड)

शब्द मागितलेत, माझ्याकडचे घ्या. चप्पू आमच्याकडंबी म्हणतात, तराफ्यालाबी अन् वल्ह्यालाबी. पुराच्या दिवसांत उसाच्या गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसं पलीकडं नेलेली माझ्या मामानं पाहिलेत.

अन् सांगड. वाळलेले भोपळे दोरीनं एकाला एक बांधायचे अन् त्याच्या आधारानं नदी उतरायची. दोन होड्या जोडल्या तरी सांगडच. आज पेपरात रोज 'सांगड घातली' वाचतो, ती मूळची पाण्यातली. वारकऱ्यांच्या अभंगांत ती सापडते, कारण लिहिणाऱ्यानं ती कमरेला बांधलेली होती. माझी आजी पोहणं शिकली ती भोपळ्यावरच.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

सांगडीचं माहीत नव्हतं! हा शब्द मी हजारदा वापरला असेल.

---

गंगाथडी (पैठण)

चार दिवस लिहिलं नाही, कारण घरात वेगळंच चालू होतं.

हा धागा वडिलांना वाचून दाखवला. वडील ७४ वर्षांचे, गुडघे गेलेत, फार बोलत नाहीत. कौंडिण्यचा व्हिडिओ दाखवला तर शिडाकडं बघितलंच नाही, मागची वल्ही बघत राहिले. म्हणाले, "आपल्या नावेलाबी मागं असंच व्हतं. दादा उभे राहून धरायचे." दादा म्हणजे माझे आजोबा.

काल सकाळी उठलो तर अंगणात फरशीवर खडूनं नाव काढलेली. माझ्या लेकीच्या शाळेचा खडू घेऊन पहाटे बसले होते. लांबी १६ हात सांगतात. पुढचं टोक, बसायची आडवी फळी, पाणी उपसायला डबा ठेवायची जागा, जाळं कुठं गुंडाळून ठेवायचं ते. दोन ठिकाणी रेघ पुसून पुन्हा काढलीय. तीन भागांची नावं आठवली, दोन आठवेनात. गल्लीतल्या एका आजींचे वडील नावा बांधायचे, त्यांना विचारायला रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत.

आईनं काल सडा टाकला नाही, आजही नाही. लेक वहीचे चार कागद चिकटवून त्यावर माप घेऊन उतरवून घेतेय. किकरं_पटाशी, तुम्ही एकदा पैठणला याल का? वांक किती होते यावर वडील आणि चुलते यांचं जमत नाहीये.

---

किकरं_पटाशी (जालना)

येतो. पुढच्या गुरुवारी कारखाना बंद असतो. तोवर खडू पुसू देऊ नका, आणि १६ हात म्हणजे कुणाच्या हाताचे ते विचारून ठेवा.